वॉल्टरकाकांच्या गावची पाणचक्की

आजच्या सभेचे अध्यक्ष हरीशराव, व्यासपीठावरच्या सुप्रभाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते वॉल्टरकाका, आणि एवढ्या बर्फातून लीड्सच्या ह्या हॉलपर्यंत गाड्या हाकत आलेल्या माझ्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

कमिटीनं मला दोन कामं दिली आहेत. काकांच्या जर्मनीतल्या पाणचक्कीचा इतिहास सांगायचा, आणि शेवटी सर्वांच्या वतीनं त्यांना 'जाऊ नका' असा आग्रह करायचा. मंजिरी शेजारी बसून त्यांना इंग्लिशमध्ये सांगतेच आहे. मंजिरी, थट्टेचा भाग गाळलास तरी चालेल हं!

काकांच्या इथल्या गिरणीतलं पीठ आपल्यापैकी कोणाच्या घरी गेलं नाही? एक्क्याऐंशी साली मी पहिल्यांदा भाजणी दळायला नेली. काकांनी पिशवीत हात घातला, वास घेतला, आणि टोपी काढून म्हणाले, "मिसेस कानिटकर, आय ॲम सो सॉरी. घरातले सगळे सुखरूप आहेत ना?" त्यांना वाटलं, आमचं घर जळालं आणि उरलंसुरलं धान्य घेऊन ही बाई आली! घरी बोलावून थालीपीठ खाऊ घातलं, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

त्यांची स्वतःची चक्की मात्र पूर्व जर्मनीतल्या एका लहानशा गावात. पणजोबांनी ओढ्यावर बांधलेली. एका पुरात चाक वाहून गेलं, तर गावानं मिळून नवं करून दिलं. पुढे लढाई आली. काका पकडले गेले, कैदी म्हणून यॉर्कशायरला आले, आणि नंतर तिकडे सरहद्दच बंद झाली. वडील गेले. मागे राहिली धाकटी बहीण, हाना. दर नाताळला ती पोस्टात जाऊन फोन करायची. "चाक जोरात फिरतंय. तू ये, तुझी जागा तशीच आहे."

बर्लिनची भिंत पडली आणि गेल्या उन्हाळ्यात काका गावी गेले. आमचे हे, डॉक्टर शशिकांत, गाडी घेऊन सोबत होते. अहो, चाकच नव्हतं! सरकारनं चक्की ताब्यात घेऊन ते कधीच भंगारात घातलं होतं. आत खताची पोती. आणि हाना? तिनं शरमेनं दार लावून घेतलं. काका दिवसभर पायरीवर बसून हाका मारत राहिले. नाही उघडलं तिनं. शेजारीण म्हणाली, थोडा वेळ द्या तिला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं ठरवून ते परतले.

डिसेंबरात हाना वारली.

तरीही काका कायमचे तिकडे राहायला निघाले आहेत. आता तिथे कोण आहे तुमचं, असं आपण सगळ्यांनीच त्यांना विचारलं. कालही मी तेच विचारायला गेले. ते काय म्हणाले, हे त्यांच्या परवानगीनं सांगते.

"शैला, मला कित्येक वर्षं माहीत होतं. नाताळात आमचा ओढा गोठलेला असतो. चाक फिरेल कसं? गिरणीवाल्याची पोर ती, पण माझा आवाज ऐकला की आनंदात विसरायची."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"बोललो असतो तर तिनं फोन करणं सोडलं असतं. चक्कीचं काय घेऊन बसलीस? दार उघडलं की सांगणार होतो. बाहेर अख्खं गाव बघत उभं. तिचं खोटं मी चारचौघांत कसं उघडं करू?"

तेव्हा कमिटीनं मला माफ करावं, दुसरं काम माझ्यानं होणार नाही. काका, तुम्ही जा. तिच्या थडग्यापाशी बसा आणि तुम्हाला सगळं माहीत होतं, एवढं सांगून टाका. आम्ही आमचं पीठ बघून घेऊ. फार जड जाणार आहे, पण तुम्ही जा.

हॉल सजवणाऱ्या सीमाचे, चहा बघणाऱ्या नंदाताईंचे आणि तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही चुकलं असेल, तर पोटात घाला म्हणायची आपली पद्धत आहे. मी आज तसं म्हणत नाही. कुणाला काही लागलं असेल, तर मी समोर उभी आहे तोवर, तोंडावर सांगा.