बिज्जूच्या डोळ्यांतले बदाम

...आणि वर मलाच विचारतात हो! 'हाउके, तू एवढा दिव्यांचा कारागीर, आणि साधं काळं कापड लावायला विसरलास?' विसरलो नाही हो, राहिलं! विसरणं वेगळं, राहणं वेगळं. विसरलेलं विसरून तरी जातं, राहिलेलं जन्मभर डोक्यात राहतं... आणि तुम्हाला सांगतो, कापडाचं सोडा, तोंडानं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

पण नाही! आम्ही पडलो लेअरचे, जर्मनीच्या पार वायव्य कोपऱ्यातले. आमच्याकडे पाहुणा आला की 'मोइन' म्हणायचं, कपात खडीसाखर टाकायची, वर चहा ओतायचा, साखर तडकल्याचा आवाज ऐकायचा, साय सोडायची आणि गप्प बसायचं. तिसरा कप संपायच्या आत कुणी जास्त बोललं तर विचारतात, 'बरं आहे ना तुला?' त्यात मी घरातल्या घरात सगळ्यात मुका. म्हणून तर या अंगभर जनावराचं सोंग घालून मिरवणाऱ्या मंडळाच्या नादाला लागलो! एकदा ते बिज्जूचं सोंग अंगावर चढवलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं डोकं घातलं, की बोलायचंच नसतं. नियमच आहे आमच्यात, सोंगातलं जनावर बोलत नाही. पंजा हलवा, मान वाकडी करा, शेपूट हलवा... बिज्जूला शेपूट ती केवढी, पण आहे तेवढी हलवा! मला वाटलं, अरे, हा छंद कुणीतरी आपल्यालाच समोर ठेवून काढलाय!

आणि दिवे सगळे माझे हं. आमच्या मंडळात कुणाच्या शेपटीत उजेड, कुणाच्या कानात, ओन्नोच्या पाणमांजराच्या मिशा लुकलुकतात, त्या कुणी केल्या? मी! ओन्नो म्हणजे आमचा सत्तरीचा गडी, जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर पाणमांजर झाला. बायको म्हणाली, घरात बसून किरकिर करण्यापेक्षा बरं.

तर वीबके. दातांच्या दवाखान्यात कामाला, आणि मंडळात निळी कोल्हीण. मला ती आवडायची. घ्या, सांगितलं! तुम्हाला बघा कसं पटकन सांगितलं! तुम्ही कोण, मी कोण, ओळख ना पाळख, आणि तिला सांगायला वर्षानुवर्षं दातखीळ! एकदा ती माझ्या तळघरात आली, जिथं मी वायरी जोडत बसतो तिथं, कोल्हिणीचं डोकं काखेत मारून. म्हणाली, 'हाउके, हिला चमकणारे डोळे बसवून दे ना रे. हॅम्बुर्गच्या संमेलनाला घालते. पुढच्या वेळी असेन-नसेन.'

मी म्हटलं, 'का गं?'

'पलीकडं हॉलंडात, ग्रोनिंगनला नोकरी मिळतेय. जाऊ का नको, ठरत नाहीये. आता तूच सांग, इथं थांबायला काही कारण आहे का मला?'

कारण! अहो, कारण समोर बसलं होतं, हातात तापलेली सोल्डरिंगची पेन्सिल धरून! आणि कारण काय म्हणालं? 'हं' म्हणालं. 'हं'! तेव्हाच तोंडानं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पेन्सिलीनं टेबल जळालं ते जळालं, तिकडंही माझं लक्ष नव्हतं.

पण मनाशी म्हटलं, थांब, हाउके बोलत नाही, पण बिज्जू दाखवेल! आणि लागलो कामाला. बिज्जूच्या डोळ्यांत बदाम बसवले, लाल बदाम, पत्त्यांतले असतात तसे. एक चिप त्याच्यात, एक कोल्हिणीत. ती जवळ आली की ह्याच्या डोळ्यांत बदाम पेटणार, आणि त्याच क्षणी तिचे डोळे सोन्यासारखे झळाळून उठणार! एकदम पूर्ण जोरात! संमेलनाच्या भर हॉलमध्ये! ती समजेल, थांबेल, आणि मला एक अक्षर बोलावं लागणार नाही. टेबलावर दोन्ही डोकी समोरासमोर ठेवून पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं हो माझ्या, इतकं सुंदर!

ओन्नो आला होता चहाला. त्यानं कोल्हिणीच्या डोक्यात हात घातला, चाचपलं आणि म्हणाला, 'मागून काळं कापड नाही लावलंस?'

'लावतो.'

'आधी लाव. घालून बघ.'

'अरे लावतो म्हटलं ना!'

आता हे काळं कापड म्हणजे काय, तर सोंगातल्या माणसाला बघायचं असतं त्याच डोळ्यांच्या जाळीतून, आणि दिवेही तिथंच. मागून काळं कापड नसलं की उजेड आत येतो. संध्याकाळी घरात दिवा लावला की खिडकीच्या काचेतून बाहेरचं दिसतं का? नाही, स्वतःचंच तोंड दिसतं. तसं. माझ्या बिज्जूला होतं कापड, मला सगळं लख्ख दिसत होतं, तेच तर दुःख! आणि तिचं डोकं मी टेबलावर ठेवून पाहिलं, घालून पाहिलंच नाही. टेबलाला काय, झकास दिसत होतं! पण टेबलाला कुठं चालायचं असतं?

बरं, आमच्यात सोंगाबरोबर एक सोबती द्यायचा असतो. सोंगातल्याला धड दिसत नाही, आतल्या पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही, म्हणून कुणीतरी साध्या कपड्यांतलं शेजारून चालतं. तिला मिळाला योस्ट. हा ग्रोनिंगनचाच. नकली फर नाकाशी गेली की शिंकतो, म्हणून ह्याला सोंगच नाही. बॅटरी उलटी बसवतो आणि निरागस तोंड करून म्हणतो, 'खराब आहे वाटतं ही?' मी म्हटलं, उत्तम! ह्याच्यापासून काय धोका?

संमेलनाचा हॉल. दिवे मंद केलेले, माणसं दुतर्फा उभी, आणि समोरून निळी कोल्हीण येतेय हो... काय चाल! मला पाहिलं आणि दोन्ही पंजे हलवले. मी पुढं झालो. पेटले बदाम! तिचे डोळे झळाळले! सगळ्या हॉलनं 'आऽऽऽ' केलं! आणि कोल्हीण जागच्या जागी थांबली, थरथरली आणि तिनं योस्टचा हात घट्ट धरला.

मला वाटलं, भारावली! म्हणून आणखी जवळ गेलो. ती दोन पावलं मागं, दोन्ही पंज्यांनी योस्टचा दंड पकडलेला. मला वाटलं, लाजली! मी जरा लांब झालो, डोळे विझले, तर लगेच ती मान वर करून मला हात हलवतेय, ये ये म्हणतेय. मी गेलो! पुन्हा बदाम, पुन्हा झळाळी, पुन्हा ती योस्टला बिलगली! अहो, दुपारभर हेच. मी जितकं प्रेम दाखवतोय तितकी ती त्याला चिकटतेय! जिन्यापाशी मी गुडघा टेकून बसलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईनं डोळे पुसले, आणि कोल्हीण? कोल्हीण भिंत चाचपत होती. अख्ख्या हॉलला कळलं. एकीला सोडून!

मग आम्ही डोकी काढायच्या खोलीत आलो. तिथं जनावरं पुन्हा माणसं होतात, पाणी पितात, पंख्यापुढं बसतात. वीबकेनं डोकं काढलं, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, आणि हसत काय म्हणाली? 'हाउके, डोळे झकास झालेत रे, सगळे काय बघत होते! पण मधूनच काय व्हायचं कोण जाणे, सगळं पांढरं! काही म्हणजे काही दिसेना. हा योस्ट नसता ना, तर मी जिन्यावरून गडगडले असते. इतका शांत माणूस! हात म्हणून सोडला नाही त्यानं.'

योस्ट म्हणाला, 'त्यात काय एवढं,' आणि शिंकला.

डोकं हातात होतं माझ्या. बिज्जूचं हो! आता नियम नव्हता, आता बोलायला कुणाची बंदी नव्हती. तिनं विचारलं, 'कशानं झालं असेल रे?' आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी म्हणालो, 'वायर सैल असेल. बघतो.' वायर सैल! कोपऱ्यात ओन्नो मिशांची बॅटरी काढत बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, 'चांगले दिवे लावलेस, हाउके.' त्या 'वायर सैल'च्या जागी दुसरं एक वाक्य तोंडानं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

ती ग्रोनिंगनला गेली. शहर नवं, ओळखीचा एकच माणूस, आणि तोही हात न सोडणारा. पुढचं काय सांगायचं?

परवा दोघं आले होते माझ्याकडं. चहा झाला, साखर तडकली, तिसऱ्या कपानंतर वीबके म्हणाली, 'लग्न करतोय आम्ही. मंडळातले सगळे सोंगात येणार. योस्टसुद्धा! फर नको म्हणून बगळा केलाय त्याचा, फोमचा. आणि हाउके, तुझ्या बिज्जूला केले होतेस ना डोळ्यांत बदाम, ओन्नोनं चित्रफीत दाखवली आम्हाला, तसेच बगळ्याला करून दे. मी जवळ गेले की पेटले पाहिजेत.' आणि मग सहज, कप खाली ठेवता ठेवता, 'कुणासाठी होते रे ते बदाम?'

बघा! देवानं आणखी एक संधी दिली, हातात आणून दिली! मी म्हणालो, 'प्रयोग होता.'

'छान होता हं,' म्हणाली ती. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग उठून कोट घातला.

केलं काम. का नाही करणार? कोल्हिणीचं डोकंही ती ठेवून गेली होती, त्याला मागून काळं कापड लावलं, दुहेरी लावलं, कडा शिवल्या. आणि ह्या वेळी घालून पाहिलं. पडदे ओढले, तिचं डोकं माझ्या डोक्यावर घेतलं. आत अजून तिच्या साबणाचा वास होता. आणि समोरच्या फळीवर माझा बिज्जू, चार्जिंगला लावलेला. त्याची चिप काढायची... विसरलो नाही हो, राहिली होती! कोल्हीण जवळ आली म्हटल्यावर पेटले की हो त्याचे बदाम! आणि आतून सगळं कसं स्वच्छ दिसत होतं, एकूण एक बदाम, लालभडक. तो बिचारा टक लावून बघतोय माझ्याकडं. मला राहवेना. कोल्हिणीच्या आतून मी ओरडलो, 'अरे मेल्या, नुसता बघतोस काय? तोंडानं बोल की! बोललास तर काय बिघडेल?'

नाही बोलला. बोलणार कसा? नियम आहे ना आमच्यात!