दिलंय, टाकलेलं नाही!

…आणि वर मलाच विचारते, "अगं, मशीनचं तेल कुठे ठेवलंस?" संग्रहालयात! तुम्हीच सांगा, शिलाई मशीनला चारही बाजूंनी दोरी बांधलेली, समोर पुठ्ठ्याची ही एवढी पाटी, 'वस्तूंना हात लावू नये', आणि आमची मामी त्याच दोरीवर उशांच्या खोळी टाकून, चष्मा नाकावर ओढून, खडखड खडखड चालवतेय! मी म्हटलं, मामी, अगं हे मशीन तू संग्रहालयाला दिलंयस ना? तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणते कशी, "दिलंय बाई, टाकलेलं नाही! आणि याचा एक पाय डुगडुगतोय, तो बघ जरा."



म्हणजे बघा, मी दोन वर्षं बाहेरगावी राहून जुन्या वस्तू जपायचंच शिकले. उन्हाने कापड कसं विटतं, दमट हवेने लाकूड कसं फुगतं, वाळवी कुठून शिरते… सगळं! परत आले ती डोक्यात एकच घेऊन, की साध्या माणसांच्या साध्या वस्तू जपायच्या. राजाची तलवार कोणीही जपेल हो, न्हाव्याची खुर्ची कोण जपणार? भाषण ठोकलं मी! लोकांनी टाळ्या वाजवल्या, वस्तू दिल्या, नगरपालिकेने वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्या दिल्या. एकीचं छत गळतं, दुसरीची खिडकी लागत नाही, पण दिल्या. फक्त वस्तू आल्या त्या आपापल्या माणसांना मागे घेऊन आल्या, हे मला एकाही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं!

आता न्हावीदादांचंच घ्या. वडिलांची लाकडी खुर्ची दिली, अगदी डोळ्यांत पाणी आणून दिली. मी ती घासली, पुसली, वाळवीचं औषध मारलं, वरून छान दिवा सोडला. आणि यांच्या दुकानातली ती नवी, वरखाली होणारी खुर्ची एक दिवस खाली गेली ती वर येईचना. तर हा माणूस गिऱ्हाइकाला घेऊन जिना चढून वर! "ताई, उजेड काय झकास सोडलाय हो!" मी म्हटलं, दादा, तो उजेड खुर्चीसाठी आहे, खुर्चीत बसणाऱ्यासाठी नाही! तर कात्री वाजवत म्हणतात, "दिलीय ताई, टाकलेली नाही."

आणि मी बिचारी पांढरे सुती हातमोजे घालून एकेक वस्तू उचलतेय, तर मामी सगळ्यांदेखत, "हात भाजला का गं?"

असं चाललेलं, आणि निरोप आला की मंगळवारी नगरपालिकेचे साहेब येणार. वर कोणी फिरकतं का ते बघायला. नसेल फिरकत तर खोल्या रिकाम्या करायच्या आणि तिथे जुन्या फायली ठेवायच्या. फायली! दोघांना हात जोडले. मामी, मंगळवारी तेवढी येऊ नकोस. "छे गं, मी कशाला येतेय!" दादा, मंगळवारी… "ताई, शब्द दिला. तुमच्यासाठी मंगळवारी दुकान बंद!"

मंगळवारी जळमटं काढली, गळतीखालची बादली दाराआड लपवली, हातमोजे चढवले आणि उभी राहिले. साहेबांचा पत्ता नाही. एक माणूस आला, मला केवढं हायसं वाटलं, तर म्हणतो, "वाचनालय हेच ना?" खाली, म्हटलं. गेला. मग मी जरा पाणी भरायला खाली उतरले… किती वेळ? तांब्याभर पाण्याला लागतो तेवढा! वर येते तर… खडखड खडखड!

"मामी!!"

"ओरडतेस काय? सकाळी आले का मी? दुपारी आलेय."

आणि खुर्चीत कोणीतरी बसलेला, तोंडभर फेस! "दादा, शब्द दिला होतात ना?" तर हे काय म्हणतात? "दुकान बंदच आहे ताई. म्हणून तर गिऱ्हाईक इथे आणलं!"

मग मात्र माझा तोल सुटला. त्या फेसाळलेल्या माणसाला मी असं काही झाडलं, असं झाडलं… म्हटलं, लाज नाही वाटत? कोणाच्या तरी वडिलांची आठवण आहे ही, आणि तुम्ही खुशाल रेलून बसलात! आता तो साहेब येईल, त्याला ना वस्तूची किंमत ना माणसाची, त्याला फायली ठेवायच्यात फायली, आणि तुमच्या एका दाढीपायी या खोल्या जातील!

फेसातून शांतपणे आवाज आला, "साहेब मीच."

मशीन थांबलं. वस्तरा थांबला. मी… मी हातमोजे काढले. दुसरं काय काढणार?

अर्धी दाढी झालेला माणूस उठून जाऊ शकत नाही, एवढंच माझं नशीब. बसले, सगळं बघितलं, उसवलेला खिसा मामीकडून शिवून घेतला. जाताना गालावरून हात फिरवत म्हणाले, "फायलींचं बघू दुसरीकडे. माझ्या आजोबांचा कंदील आहे घरी, देऊ का?"

मला भरूनच आलं हो! वाटलं, मिळाला एकदाचा, वस्तू कळणारा माणूस मिळाला! कंदील आला, मी तो मधोमध मांडला. आणि परवा संध्याकाळी वीज गेली… तर जिन्यात कोण? "ताई, जरा कंदील द्या. दिलाय, टाकलेला नाही!"

दिला. वात कापून, तेल भरून दिला.

आणि ती पाटी? 'वस्तूंना हात लावू नये'? आहे ना, आतच आहे. घडी घालून मामीच्या मशीनच्या पायाखाली.

मीच घातली. फार डुगडुगत होतं हो… टाका वाकडा जायचा तिचा.