पान एकाचं, फूल दुसऱ्याचं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आमचे संचालक साहेब, ज्यांना निरोप द्यायला आज या सभागृहात जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या ते आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, गावोगावाहून आलेले सरांचे जुने विद्यार्थी, संस्थेतले माझे सहकारी, आणि शेवटी दाराजवळ संकोचून बसलेले माझे आईबाबा, सगळ्यांना माझा नमस्कार.

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, "जड काही नको. फुलांबिलांवर चार गोड शब्द बोल आणि बस." तसं भाषण मी लिहून आणलं होतं. ते पर्समध्ये आहे, आणि आता तिथेच राहील. कारण आत्ता माझी ओळख करून देताना संचालक साहेबांनी माझ्या शोधनिबंधातलं एक वाक्य आपल्या भाषेत करून मोठ्यानं वाचलं. "ही चूक मूळ लेखकाच्या निष्काळजीपणामुळे घडली आहे." साहेब म्हणाले, गुरूबद्दल असं लिहायला धैर्य लागतं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, आणि आपल्यापेक्षा जरा जास्तच वेळ वाजवल्या.

मी त्या वेळी खाली मान घालून बसले होते. तो विनय आहे असं काहींना वाटलं असेल. विनय नव्हता, लाज वाटत होती. कशाची, ते सांगायची परवानगी अध्यक्षांनी द्यावी.

इथे बरेच पाहुणे आमच्या कामाशी संबंधित नाहीत, म्हणून थोडं सांगते. जंगलातून आणलेली फांदी कागदात दाबून वाळवायची, जाड शीटवर दोऱ्यानं टाके घालून बसवायची, आणि ती कोण आहे हे ओळखून कपाटात तिच्या भावकीत ठेवायची, हे आमचं काम. एखादी वनस्पती आजवर कुणालाच माहीत नसेल, तर तिला नवं नाव देतात. पण नुसतं नाव देऊन भागत नाही. ज्या फांदीवरून ते नाव दिलं, ती फांदी साक्षीदार म्हणून कायम जपावी लागते. तिला आम्ही मूळ नमुना म्हणतो आणि तांबड्या फोल्डरमध्ये ठेवतो.

मी इथे आले तेव्हा मला फुलांची नावं पाठ होती आणि त्याचा फार अभिमान होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यासमोर एक फांदी ठेवली. मी झटकन नाव सांगितलं. सर म्हणाले, "नाव मी विचारलंच नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?" मी पाहिलं नव्हतं. "देठ चुरडला तर चीक येतो का?" तेही पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "म्हणजे आडनाव ऐकून सोयरीक केलीस. आधी घर बघावं."

सरांनी स्वतः आयुष्यात बऱ्याच वनस्पतींना नावं दिली. त्यातलं एक नाव काकूंचं आहे. लग्नानंतर पहिल्याच मोठ्या मोहिमेत सापडलेली ती वनस्पती. पानं रुंद आणि चिवट, फुलं पांढरी, झुबक्यानं येणारी. तिचा तो एकच नमुना. पुढे कुणालाही ती पुन्हा सापडली नाही. त्या डोंगरावर मीसुद्धा जाऊन हात हलवत परत आले. दुर्मीळ म्हणून तिचा बोलबाला झाला. काकूंच्या नावाचं झाड इतकं दुर्मीळ, यावरून सरांची थट्टाही व्हायची. सर म्हणायचे, "मूळ प्रत घरी आहे, मला काळजी नाही."

गेल्या वर्षी मी त्या गटाचा अभ्यास हाती घेतला. तांबडा फोल्डर उघडला. एक वाळकं फूल उकळत्या पाण्यात सोडलं. असं केलं की पाकळ्या पुन्हा उलगडतात आणि फूल आतून बघता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर फूल एका कुळाचं आणि पान भलत्याच कुळाचं. मग मी फांदी नीट पाहिली. फुलांची काडी आणि पानांची फांदी जिथे एकत्र येत होत्या, तिथे दोऱ्याचे टाके होते. टाक्यांच्या खाली त्या जोडलेल्याच नव्हत्या. पानं होती एका साध्या जंगली झाडाची. फुलं होती त्याच झाडावर चढलेल्या एका वेलीची, जी पानं गळाल्यावर फुलते. दोघांनाही फार पूर्वीपासून नावं आहेत. म्हणजे काकूंच्या नावाची वनस्पती जगात नव्हतीच.

मी ती शीट ट्रेमध्ये घालून सरांच्या खोलीत गेले. ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग परीक्षेत विचारावं तसं विचारलं,

"पान कुणाचं?"

मी सांगितलं.

"फूल?"

तेही सांगितलं.

"मग यात नवं काय?"

"काही नाही, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "छापून टाक. चूक माझी आहे." आणि पुढे म्हणाले, "मी जायच्या आधी छाप. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा कधी उठतो याची वाट बघत होती."

आता मी माझ्या लाजेपाशी येते. अशा वेळी आमच्या शास्त्रात काय लिहायचं असतं? "नमुना मिश्र आहे," एवढं. तीन शब्दांत काम होतं. ते वाक्य मी लिहिलंच होतं. पण त्याखाली मी आणखी एक वाक्य लिहिलं, जे आत्ता आपण ऐकलंत. का लिहिलं? कच्ची म्हणून मला कुणी बाजूला सारू नये म्हणून. शिकलेल्या घरातून आलेली मुलं असं ठणकावून लिहितात असा माझा समज होता, म्हणून मीही आवाज चढवला. सरांनी मसुदा वाचला. एक स्वल्पविराम बदलला आणि परत दिला. त्या वाक्याला त्यांनी हातही लावला नाही.

निबंध छापून आला. घरी मी तेच वाक्य अर्थासकट वाचून दाखवलं. आईनं विचारलं, "एवढ्या मोठ्या माणसाची चूक तू काढलीस?" मी म्हटलं, "हो." आईनं ते पान प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं. आज ते तिच्या पिशवीत आहे. आई, ते कुणाला दाखवू नकोस. घरी गेल्यावर बोलू.

मागच्या आठवड्यात या समारंभासाठी जुने फोटो आणायला मी सरांच्या घरी गेले. सर दाढी करायला बाहेर गेले होते. टेबलावर माझा निबंध होता. काकू निवृत्तीपर्यंत पोस्टाच्या खिडकीवर होत्या. कुणाच्याही अक्षरातलं काहीही वाचतात.

"बस," काकू म्हणाल्या. "चहा घे. आणि मला सांग, हा निष्काळजी माणूस कोण?"

"काकू, ती शास्त्रातली भाषा असते."

"असेल बाई. पण गॅस बंद केलाय का बघायला हा माणूस अर्ध्या जिन्यातून परत येतो. मी शिंकले तर डॉक्टरांना फोन लावतो. काळजी करकरून माझा जीव नकोसा केलाय यानं, आणि तू त्याला निष्काळजी म्हणतेस."

मी चहाचा घोट घेतला.

"ती शीट कुणी शिवली, ते विचारलंस कुणाला?"

"सरांनीच ना?"

"त्यांना अजून सुईत दोरा ओवता येत नाही."

आणि मग काकूंनी सांगितलं ते असं. त्या मोहिमेवरून सर परतले ते तापानं फणफणत. बरोबर ओल्या फांद्यांचा भलामोठा गठ्ठा. आपल्याकडच्या दमट हवेत ते कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी चढून सगळं काळं पडतं. सरांना उठून बसता येत नव्हतं. तापात एकच घोकत होते, कागद, कागद. काकूंनी आयुष्यात असलं काम पाहिलं नव्हतं. त्यांनी इस्त्री तापवली, एकेक कागद इस्त्रीनं वाळवला, रोज बदलला, आणि वाळलेल्या फांद्या शीटवर टाचल्या. दिवसा पोस्टाची खिडकी, संध्याकाळी हे.

"त्या एका कागदात दोन फांद्या होत्या," काकू म्हणाल्या. "फुलांची काडी नुसती उघडीबोडकी. मला वाटलं, पानं सुटून पडली असतील. शेजारी पानांची फांदी होती, तिला फुलं नव्हती. म्हटलं, यांना बरं वाटेल तेव्हा छान दिसायला हवं. दिली जुळवून. जुळवायची हौस मला पहिल्यापासूनच. दोन भाच्यांची लग्नं मीच जमवली."

"टिकली का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एक टिकलं," काकू म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "माझंच चुकलं होतं, हे मला तुझा कागद वाचून कळलं. त्यांना केव्हा कळलं?"

मला उत्तर माहीत होतं. मी ट्रे समोर ठेवला, तेव्हाच. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं होतं ते टाके. फांदी ओळखायला सरांना इतका वेळ लागत नाही.

"त्यांनी तुला सांगितलं नाही?"

"नाही. चूक माझी, एवढंच म्हणाले."

काकूंनी माझा निबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं, आणि तू त्यांना उघडं पाडलंस. आता तूच सांगायचं. जितक्यांनी हे वाचलं, तितक्यांच्या देखत."

मी शब्द दिला. आणि काल संध्याकाळी सर खण रिकामे करत होते, तेव्हा त्यांना तसं सांगितलं.

"काही गरज नाही," सर म्हणाले. "दोन्ही फांद्या एका कागदात मीच ठेवल्या होत्या. निवडायच्या आधी आजारी पडलो. आजारी पडणं हा निष्काळजीपणाच आहे."

"सर, काकूंनी बजावलंय."

"तिचं नाव त्या झाडावरून गेलंच. आता चूक तरी तिच्या नावावर कशाला?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर, ते पटवून घेणं माझ्या सोयीचं होतं. म्हणून मी काल घरी जाऊन ते गोड भाषण लिहिलं. आजही तेच वाचलं असतं. पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा काकूंचे दोन्ही हात पर्सवर होते, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं बघत नव्हत्या. पोस्टाच्या खिडकीतून रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघावं तशा, बोला आता, अशा बघत होत्या.

सर मघापासून हातानं मला थांब म्हणताहेत. सर, मी तुमचं सगळं ऐकलं. हे एवढं नाही ऐकत.

तर सभागृहातल्या सगळ्यांना सांगते. सर निष्काळजी नव्हते. त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या फांद्या आज आमच्या कपाटांत शाबूत आहेत. त्या जिथून आणल्या, त्यातल्या कित्येक जागा आता उरल्या नाहीत, तिथली झाडं उरली नाहीत. तिथे काय फुलत होतं, ते फक्त त्या शीटवर दिसतं. ते टिकलं, ते एका बाईनं इस्त्री तापवली म्हणून. सरांनी तिचं नाव एका वनस्पतीला दिलं, ते लाडानं दिलं असं आपण समजत होतो. ते त्या कामाचे आभार होते. वनस्पती खोटी निघाली. आभार खोटे नव्हते.

दुरुस्तीचा मजकूर मी उद्या संपादकांकडे पाठवते आहे. त्यात माझं वाक्य मागे घेतलं आहे. हे नमुने कुणी वाळवले आणि कुणी शिवले, तेही लिहिलं आहे. नाव घालायचं की नाही, यावर सर आणि काकूंचं एकमत नव्हतं. काकूंनी आत्ता मान हलवली आहे. म्हणजे नाव आहे. सर, आता घरी जाऊन भांडा.

ती दुरुस्ती फार जण वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. निबंध जगभर गेला. दुरुस्ती मागच्या पानावर, बोटभर जागेत येईल. साहेबांनी सोमवारपासून मला सरांची खोली दिल्याचं जाहीर केलं. त्या निबंधाचा त्यात वाटा आहे. साहेब, सगळं ऐकल्यावर तुम्हाला वेगळं काही वाटलं, तर जरूर सांगा. मी माझ्या जुन्या टेबलावर आनंदानं बसेन.

आता आभार. अध्यक्षांनी पाच मिनिटांवर गेलेली वेळ घड्याळाकडे न बघता दिली, त्यांचे आभार. संयोजकांना फुलांवरचे चार गोड शब्द मिळाले नाहीत, तरी त्यांनी माईक बंद केला नाही, त्यांचेही. आईबाबा, तुम्ही पगार कापून घेऊन रजा काढून आलात. तुम्हाला आज अभिमानानं घरी जाता येईल असं काही मी बोलले नाही. सर, तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून येत नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढं मात्र आता मी आधी बघते.

शेवटी एक. आमच्या शास्त्रात वनस्पतीच्या नावापुढे ते नाव देणाऱ्याचंही नाव लिहितात. दिलेलं नाव चुकीचं ठरलं, तरी ते खोडून टाकत नाहीत. खरं नाव वर येतं, आणि चुकलेलं नाव त्याच्याखाली, बारीक अक्षरात, देणाऱ्याच्या नावासकट कायमचं राहतं. 'निष्काळजी' हे नाव मी दिलं.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, वेळ फार घेतला असेल, तर आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. तो एक शब्द तेवढा पदरात घेऊ नका. तो खाली, बारीक अक्षरात, माझ्या नावासकट राहू द्या.

धन्यवाद.