दिवे वाढव म्हनली गोदाआक्का

माझा जल्म फडातला, म्हंजी उसाच्या फडातला. आमी पाथर्डीकडचे, आई ऊस तोडता तोडता बाळंत झाली, मी डोळं उघडलं तर समोर कारखान्याच्या बत्त्या, मला वाटलं ह्या माझ्याच बारशाला लावल्यात. कोपीत, म्हंजी पाचटाच्या झोपडीत, राकेलची चिमणी. निजताना आई म्हनायची, दिवा वाढव. वाढव म्हंजी फुंकर मार, बरं का. इझव म्हनायचं न्हाई, घराला अवदसा येती. बांगडी फुटली तरी वाढवली म्हनत्यात, तसंच. हे ध्यानात ठिवा, पुढं लागनार हाय.

मोठा झालो तसा दुसऱ्या फडात गेलो, तमाशाच्या. बत्तीवाला झालो. गोदाआक्का फडाची मालकीन बी आन् गानारी बी. आवाज काय सांगू तुमाला, तिनं तिसगावात तान घेतली की पाथर्डीच्या स्टँडवर यष्टी थांबायची, कंडक्टर म्हनायचा, संपू द्या, मग बेल मारतो.

पन नव्वद साल उलटलं आन् हॅलोजनचं खूळ आलं. मानसं गानं सोडून दिवे मोजाय लागली. आक्कानं सोनईच्या संपतचा जनरेटर धरला, त्यो रेड्याएवढा, धूर असा की पांढरं धोतर नेसून आलेला मानूस काळं नेसून घरी जायचा. हॅलोजनवर पाखरं भाजून पडायची. एक तर लावनी चालू असताना आक्काच्या तोंडात पडलं, आक्कानं गिळलं आन् पुढची ओळ म्हनली. पाखरू गिळता येतं हो, धूर न्हाई. आवाज घोगरा झाला. डाक्टर म्हनला, बाई, ह्या धुरात अजून एक हंगाम काढला तर आवाज कायमचा गेला समजा.

आक्का रडली बिडली न्हाई. गोडतेलाचे डबे उभे कापले, आतून राखंनं घासून आरशावानी केले, डब्यात ट्रॅक्टरचे बल्ब बसवले, बॅटरीवर चालनारे. पुढं खाली पांढरी चादर हातरली, उजेड उलटून तोंडावर यावा म्हनून. मला म्हनली, येड्या, लोकांना माझं तोंड दिसाया पायजे, मंडपाची पाठ कशाला उजळायची?

तिसगावच्या जत्रंत ठरलं असं की गवळन हॅलोजनवर, कमिटी खूश, मग लावनीला हॅलोजन बंद आन् डबे चालू. मी डब्यांपाशी, संपत जनरेटरपाशी. गवळन संपली, आक्का वरडली, संपत, दिवे वाढव. संपतच्या घरी पहिल्यापासून बटनं, त्याला काय कळतंय! त्यानं राहिलेले सगळे लावले. धूर मंडपात शिरला. आक्का खोकत म्हनती, आरं मुडद्या, वाढव म्हनते ना! त्याला वाटलं अजून कमीच पडत्यात, त्यानं देवळाच्या शिखराची माळ बी जोडली. मी बोंबलतोय, आरं वाढव म्हंजी इझव, पन त्या घरघरीत ऐकतो कोन? आक्का तिसऱ्यांदा वाढव म्हनली आन् जनरेटर धाडकन बसला त्यो बसलाच.

काळाकुट्ट अंधार. शिट्ट्या, शिव्या, कमिटीचा अध्यक्ष काठी घेऊन उठला. आक्का हळूच म्हनली, जोड तार.

देवाशप्पत सांगतो, डबे लागले आन् आक्काची नुसती भुवई हालली, तर पार मागं लिंबावर बसलेल्यांनी फेटे उडवले. घुंगराचा एकेक दाना ऐकू येत व्हता. पहिलं कडवं घोगरंच गेलं. दुसऱ्याला गळा सुटला. तिसऱ्याला, काय सांगू, अध्यक्ष काठी टेकून खालीच बसला, म्हनला, आक्का, पुढल्या साली बी हेच डबे आना. पाथर्डीला यष्टी थांबली म्हनत्यात. मी बघाय गेल्तो न्हाई, पन थांबलीच असंल.

संपत आता आमच्यातच हाय, राखंनं डबे घासतो, जनरेटर भंगारात घातला. आक्का अजून गाती, परवा सोनईत गायली, काचंवानी साफ हाय गळा.

तुमी येवढं बसून लिवून घेतलं, आशीर्वाद द्यायला पायजे. तुमच्या घरचे दिवे वाढ... न्हाई न्हाई, खोडा ते, आक्का पायतान काढंल! असं लिवा, तुमच्या घरी एकच दिवा असू द्या, पन समोरच्याचं तोंड दिसंल असा.