बसच्या टायमाला

(साखरशेत फाटा, सकाळ. जव्हारला जाणारी तुळशीदासची जीप. आत त्याची लेक प्रतिक्षा आणि वालाच्या शेंगांची पाटी घेतलेली कमू.)

प्रतिक्षा : बाबा, सोडा ना गाडी. आज परीक्षेचं प्रॅक्टिकल आहे. उशीर झाला तर आत घेत नाहीत.

तुळशीदास : दोन शिटांवर? डिझेल काय विहिरीतून शेंदतो मी?

प्रतिक्षा : बस बंद झाली तेव्हा म्हणालात, आता सगळे पाशिंजर आपलेच.

तुळशीदास : म्हणालो. पेढे पण वाटले. मग गेली कुठं माणसं? कमूमावशी, आठवडाभर होतीस कुठं?

कमू : घरी. कवा यायाचं, काय ठावं?

तुळशीदास : मी असतो की इथं.

कमू : तू भरल्याबिगर हलतो कुठं? आधी बसच्या टायमाला आखा पाडा उतरं. तू पुढं उभा, तर तुझ्यात बसायचं. तू भरला, तर मागून बस हायेच. फिकर नव्हती. आता तू नाय हलला, तर दिस फाट्यावरच जायाचा.

प्रतिक्षा : मलाही कालच कळलं हे. बाबा, माणसं गोळा करायची ती बस. तुम्ही फक्त उचलायचात.

तुळशीदास : धंदा केला. चोरी नाही.

प्रतिक्षा : चोरी कोण म्हणतंय? बस रिकामी धावते म्हणून बंद केली. रिकामी का धावायची?

तुळशीदास : कळलं गं. बसलो त्याच फांदीवर कुऱ्हाड घातली. पुरे आता.

कमू : मी आज आलू ती हिच्या बोलण्यावर. बोलली, जीप बसच्या टायमाला सुटल.

तुळशीदास : मला न विचारता?

प्रतिक्षा : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. मला बघायचं होतं, किती जण येतात. सगळ्या पाड्यावर सांगितलं.

तुळशीदास : आणि आली एकटी कमूमावशी.

कमू : बाकीचे आंगणात उभे हायेत. वरनं फाटा दिसतो. बघतात, खरंच सुटते का.

तुळशीदास : आज डिझेल अंगावर पडणार.

प्रतिक्षा : हो.

तुळशीदास : उद्या पण पडेल.

प्रतिक्षा : पडेल कदाचित. मला माहीत नाही, बाबा.

तुळशीदास : झाला का बसचा टायम?

प्रतिक्षा : आत्ता झाला.

तुळशीदास : दार लाव.