मंगलनं शोधलेलं चाक

गाड्यांचं सोडा, आमच्या मंगलचं ऐका. मंगल म्हंजी माझी बायको. आमची रोपं पोचवायची पिकअप दिवाळीनंतर थरथरायला लागली. जरा वेग घेतला की मागं कुंड्या एकमेकींवर आपटायच्या. मेस्त्रीनं शॉकअप बदलले, तरी तेच. कंटाळून मी गाडी विकायला काढली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार व्हतं.

मंगल म्हणाली, "स्टेरिंग हलतंय का?"

"न्हाई, बुडाखाली थरथरतंय."

"मंग रोग मागंच हाय. तुमी चालवा, मी हौद्यात बसते."

"अगं, पडशील!"

"कुंड्या धरून नेहमी बसते, ती आजच पडंन व्हय?"

पिरंगुटच्या रस्त्याला गाडी काढली. आरशात बघतो तर ही मांडी घालून, दोन्ही तळवे पत्र्यावर टेकून, डोळे मिटून बसलेली. थोड्या वेळानं केबिनवर थाप पडली. "थांबा! डावं चाक."

उतरून तिनं चाकाच्या आतल्या अंगाला हात घातला. भात काढताना गाडी ओल्या खाचरात रुतली व्हती. तितला चिखल रिंगमधी एकाच बाजूला विटेसारखा वाळून बसलेला. त्या वजनानं चाक उडत व्हतं! तिनं खुरप्यानं सगळा खरवडून काढला. परतताना गाडी अशी चालली, की मला वाटलं रस्ताच नवा केलाय.

गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून कळवलं, मग मेस्त्रीला स्पीकरवर फोन लावला. तो हसत म्हणाला, "वहिनींना गॅरेजवर पाठवा की."

मंगल हात धूत व्हती. तितनंच ओरडली, "त्यांना म्हणावं, मी आले तर पाटीवर नाव माझं लागंल!"