तोफ फिरवणारे शिंदेकाका

आपल्या ऑफिसची गाडी चालवतात ना, ते साताऱ्याचे शिंदेकाका, पूर्वी फौजेत रणगाड्यावर गनर होते. परवा इथं आखातात, लुसैलला चहा पिता पिता मी उगाच विचारलं, "काका, वाळवंटात आडोसाच नाही, मग रणगाडे लढतात कसे?"

"ज्याला आधी दिसलं, त्यानं तोफ फिरवून पहिला गोळा टाकायचा. उशीर झाला की खलास."

"म्हणजे नजर पाहिजे."

"होती की. लांबची नुसती धूळ बघून सांगायचो, रणगाडा आहे का जीप."

मग काकांनी कप खाली ठेवला.

"तुझी काकू आजारानं वाळत वाळत गेली, ते नाही दिसलं. रोज इथनं घरी व्हिडिओ कॉल व्हायचा. ती फोन नातवाकडंच धरायची. मी एकदाही म्हणलो नाही, जरा तुझ्याकडं फिरव."